'मोस्ट वॉन्टेड'ची ब्लॅक एडिशन वीस वर्षांची झाली, पण आज विकत घेतलेला गेम खरंच तुमचा असतो का?

चंदेरी रंगाची गाडी, तिच्यावर निळे पट्टे आणि मागे सायरन वाजवत येणारी पोलिसांच्या गाड्यांची रांग. २००५ नंतरच्या काळात ज्यांनी कॉम्प्युटरवर गेम खेळलेत, त्यांना एवढं सांगितलं तरी पुरतं. 'नीड फॉर स्पीड: मोस्ट वॉन्टेड'मधली ती बीएमडब्ल्यू एम३ जीटीआर. हा गेम अमेरिकेत १५ नोव्हेंबर २००५ ला बाजारात आला. म्हणजे नोव्हेंबर २०२५ मध्ये त्याला वीस वर्षं पूर्ण झाली.

त्याच गेमची एक खास आवृत्ती निघाली होती. तिचं नाव ब्लॅक एडिशन. वीस वर्षांपूर्वी कुणी ती विकत घेतली असेल, तर तिचा डबा आणि डीव्हीडी आजही त्याच्या कपाटात असू शकते. पण २०१४ मध्ये आलेला 'द क्रू' नावाचा रेसिंग गेम पूर्ण पैसे मोजून घेणाऱ्यांच्या हातात आज काहीही उरलेलं नाही. कंपनीने तो बंद केला आणि विषय संपला.

नऊ वर्षं जुना गेम टिकला आणि नऊ वर्षांनी नवा गेम गेला, असं उलटं कसं झालं? 'स्पेशल एडिशन' या शब्दाचा अर्थच मधल्या काळात बदलला तो कसा? आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीसारख्या ठिकाणी बसून गेम घेणाऱ्याला याचा जास्त फटका का बसतो? हे एकेक करून समजून घेऊ.

आधी गेम काय होता ते बघू

'नीड फॉर स्पीड' ही मालिका १९९४ मध्ये सुरू झाली. मालक कंपनी इलेक्ट्रॉनिक आर्ट्स, म्हणजे ईए. 'मोस्ट वॉन्टेड' बनवला कॅनडातल्या ईए ब्लॅक बॉक्स या स्टुडिओने.

गोष्ट साधी होती. रॉकपोर्ट नावाच्या काल्पनिक शहरात तुम्ही ती बीएमडब्ल्यू घेऊन येता. रेझर नावाचा खेळाडू तुमच्या गाडीत बिघाड करून रेस जिंकतो आणि गाडीही घेऊन जातो. मग शहरातल्या पंधरा मोस्ट वॉन्टेड रेसर्सची एक यादी असते, तिचं नाव ब्लॅकलिस्ट. पंधराव्या क्रमांकापासून एकेकाला हरवत वर जायचं आणि शेवटी रेझरकडून आपली गाडी परत मिळवायची.

सुरुवातीला हातात येणाऱ्या गाड्या साध्या असायच्या. त्यात फियाट पुंटोसुद्धा होती. भारतात ग्रँड पुंटो आली २००९ मध्ये, त्यामुळे आपल्याकडच्या अनेकांनी ही गाडी रस्त्यावर बघण्याआधी स्क्रीनवर चालवली.

गेमची खरी मजा मात्र पोलिसांच्या पाठलागात होती. जितका जास्त वेळ पळाल तितकी 'हीट' वाढायची. आधी साध्या गाड्या, मग नाकाबंदी, मग टायर फाडणाऱ्या खिळ्यांच्या पट्ट्या, मग हेलिकॉप्टर. पळताना तुम्ही सरकारचं किती नुकसान केलंत याचा आकडाही गेम दाखवायचा. खऱ्या रस्त्यावर हे केलं तर मोटार वाहन कायद्याचं कलम १८९ लागतं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. स्क्रीनवर मात्र तोच आकडा कमाई म्हणून मोजला जायचा.

ब्लॅक एडिशनमध्ये वेगळं काय होतं?

मालिकेची दहा वर्षं साजरी करायला ईएने ही आवृत्ती काढली. ती कॉम्प्युटर, प्लेस्टेशन २ आणि एक्सबॉक्स या तिन्हींसाठी होती. तिच्यात मूळ गेम तर होताच. त्याशिवाय काही जादा रेस होत्या, १९६७ ची शेव्हर्ले कॅमेरो एसएस ही खास गाडी होती आणि गेम कसा बनला हे दाखवणारी व्हिडिओ व मुलाखतींची एक वेगळी डीव्हीडी होती.

आजच्या हिशोबाने ही यादी छोटी वाटेल. पण एक गोष्ट लक्षात घ्या. जे काही 'स्पेशल' होतं, ते सगळं त्या डब्यात होतं. डबा घरी आणला की कॅमेरो तुमची. ती गाडी मिळवायला खातं उघडायची गरज नव्हती, इंटरनेट लागत नव्हतं आणि ती परत घ्यायची सोय कंपनीकडे नव्हती. मित्राला डीव्हीडी खेळायला देता येत होती. कंटाळा आला की जुन्या भावात विकताही येत होती.

मग हा गेम झाडीपट्टीत कसा पोचला?

सिंदेवाही हे तालुक्याचं ठिकाण. गोंदिया-बल्लारशाह रेल्वेमार्गावरचं स्टेशन, आजूबाजूला धानाच्या बांध्या आणि ब्रह्मपुरी वनविभागाचं जंगल. चंद्रपूर इथून सत्तर-पंचाहत्तर किलोमीटरवर. अशा गावांत परदेशी कंपनीच्या ओरिजिनल गेमचं दुकान कुठून असणार? ओरिजिनल हवा तर चंद्रपूर किंवा नागपूर गाठा.

तरीही हा गेम महाराष्ट्रातल्या तालुक्या-तालुक्यांत पोचला, आणि त्याची दोन कारणं होती.

पहिलं कारण म्हणजे गेम हलका होता. २५६ एमबी रॅम, १.४ गिगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि हार्ड डिस्कवर तीन जीबी जागा, एवढ्यावर तो चालायचा. शाळा-कॉलेजच्या लॅबमधला किंवा नेट कॅफेतला साधा कॉम्प्युटरही त्याला पुरायचा.

दुसरं कारण सगळ्यांना माहीत आहे, पण कुणी मोठ्याने बोलत नाही. कॉपी. एका सीडीवरून दुसरी, एका पेन ड्राइव्हवरून दुसरा. आपल्याकडे हा गेम खेळलेल्यांपैकी कितींनी तो विकत घेतला होता, हा प्रश्न मित्रांच्या ग्रुपवर टाकून बघा, उत्तर मिळेल. हे कायद्याला धरून नव्हतं हेही तितकंच खरं. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम ६३ब नुसार बेकायदा कॉपी आहे हे माहीत असून सॉफ्टवेअर वापरणं हा गुन्हा आहे. त्यात कैदेचीही तरतूद आहे.

पण यातून एक गोष्ट दिसते. गेम चालायला कंपनीच्या सर्व्हरची गरज नव्हती, म्हणून तो दुकान नसलेल्या आणि नेट नसलेल्या ठिकाणीही चालला. कुणी तो प्रामाणिकपणे विकत आणला असता, तर त्यालाही तो तितकाच बिनघोर खेळता आला असता. आजच्या प्रामाणिक ग्राहकाला ती खात्री नाही.

आजची स्पेशल एडिशन कशी असते?

२०१५ मध्ये ईएने 'नीड फॉर स्पीड' याच नावाने नवा गेम काढला. तो एकट्याने खेळायचा असला तरी सतत इंटरनेट लागायचं. नेट गेलं की खेळ थांबला.

त्यानंतर २०२२ च्या डिसेंबरमध्ये 'नीड फॉर स्पीड अनबाउंड' आला. त्याची खास आवृत्ती होती पॅलेस एडिशन. पॅलेस हा लंडनचा कपड्यांचा आणि स्केटबोर्डचा ब्रँड. जादा पैसे देणाऱ्याला काय मिळालं? चार सजवलेल्या गाड्या, गेममधल्या पात्रासाठी कपडे, गाडीवर लावायची स्टिकर्स आणि इतरांपेक्षा तीन दिवस आधी खेळायची परवानगी.

शेवटची गोष्ट पुन्हा वाचा. तीन दिवस आधी. म्हणजे 'स्पेशल' असण्याचा एक मोठा भाग चौथ्या दिवशी आपोआप संपला. उरलेल्या वस्तू तुमच्या ईए खात्यात जमा झाल्या. ते खातं कंपनीच्या सर्व्हरवर. डबा विकत घेतला असला तरी कपाटात ठेवण्यासारखं त्यात फार काही नाही. अनेक गेमच्या बाबतीत कॉम्प्युटरसाठीच्या डब्यात डिस्कऐवजी नुसता एक कोड छापलेला कागद असतो.

झाडीपट्टीच्या भाषेत सांगायचं तर

सिंदेवाहीच्या माणसाला हा फरक दोन ओळखीच्या गोष्टींवरून लगेच कळेल. एक म्हणजे नाटकाचं तिकीट आणि दुसरी धानाचं बियाणं.

दिवाळीनंतर झाडीपट्टीतल्या नाटकांचा हंगाम सुरू होतो. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या रंगभूमीचं केंद्र. गावोगावी रात्रभर प्रयोग चालतात. तुम्ही तिकीट काढता, नाटक बघता, पहाटे घरी जाता. ते नाटक तुमच्या मालकीचं झालं असं कुणी समजत नाही. यात फसवणूक काहीच नाही, कारण तिकीट एका रात्रीचं आहे हे घेणाऱ्याला आधीच माहीत असतं.

बियाण्याचं वेगळं. यंदा पिकलेल्या धानातलं चांगलं बी बाजूला काढून पुढच्या रोवणीला वापरायचं, शेजाऱ्याला द्यायचं, हे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलंय. सिंदेवाहीला धानाचं कृषी संशोधन केंद्र आहे. शेजारच्या नागभीड तालुक्यातल्या नांदेडचे दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्याच शेतातल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या निवडून एचएमटी हे वाण तयार केलं. राखून ठेवलेल्या बियाण्यातून ते वाण पुढे किती दूर गेलं, हे इथल्या शेतकऱ्यांना सांगायची गरज नाही.

गेमच्या कंपन्या आता जे विकतात ते तिकीट आहे, पण बटणावर लिहिलेलं असतं 'खरेदी करा'. ग्राहकाला वाटतं आपण बियाणं घेतलं. भांडणाचं मूळ एवढंच आहे.

'द क्रू'मध्ये नेमकं काय झालं?

युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीने डिसेंबर २०१४ मध्ये 'द क्रू' आणला. अख्ख्या अमेरिकेचा छोटा नकाशा, त्यावर मोकळेपणाने गाडी चालवायची. या गेमलाही एकट्याने खेळताना सतत ऑनलाइन राहावं लागायचं.

डिसेंबर २०२३ मध्ये कंपनीने त्याची विक्री थांबवली. ३१ मार्च २०२४ ला सर्व्हर बंद केले. त्या दिवसापासून डिस्क असो वा डाउनलोड, गेम सुरूच होत नव्हता. थोड्याच दिवसांत अनेकांच्या खात्यांतून गेमचा परवानाही काढून घेतल्याचं समोर आलं.

अमेरिकेत दोन खेळाडूंनी कंपनीवर खटला भरला. कंपनीचं म्हणणं असं की ग्राहकांनी घेतला तो मर्यादित परवाना होता, कायमची मालकी नव्हती. आपण घाईने 'मान्य आहे' असं दाबतो, त्या लांबलचक करारात हेच लिहिलेलं असतं.

याच प्रकरणातून 'स्टॉप किलिंग गेम्स' ही मोहीम उभी राहिली. रॉस स्कॉट या यूट्यूबरने एप्रिल २०२४ मध्ये ती सुरू केली. युरोपीय संघात नागरिकांच्या अर्जाची एक पद्धत आहे. दहा लाख सह्या झाल्या की युरोपीय आयोगाला त्याची दखल घ्यावी लागते. जुलै २०२५ मध्ये या मोहिमेने दहा लाखांचा टप्पा ओलांडला. नोव्हेंबर २०२५ मध्ये ब्रिटनच्या संसदेतही यावर चर्चा झाली.

मोहिमेची मागणी नीट समजून घ्यायला हवी. सर्व्हर कायम चालू ठेवा असं ते म्हणत नाहीत. बंद करताना गेम ज्यांनी घेतलाय त्यांना खेळता येईल अशा अवस्थेत सोडा, एवढंच त्यांचं म्हणणं आहे. आणि ते अशक्य नाही हे युबिसॉफ्टनेच दाखवून दिलं. टीकेनंतर कंपनीने 'द क्रू २'ला ऑफलाइन मोड देण्याचं जाहीर केलं आणि २०२५ मध्ये तो दिलाही.

कंपन्यांची बाजू काय आहे?

त्यांचीही एक बाजू आहे आणि ती पूर्ण खोटी नाही.

सर्व्हर चालवायला पैसे लागतात. खेळणारे पाचशे राहिले तरी सुरक्षेकडे लक्ष द्यावंच लागतं. शेवटी ऑफलाइन करायचाच या अटीवर गेम बनवला तर खर्च वाढेल, असं युरोपातल्या गेम कंपन्यांच्या संघटनेचं म्हणणं आहे.

रेसिंग गेमची आणखी एक अडचण आहे. त्यातल्या गाड्या खऱ्या कंपन्यांच्या असतात, गाणी खऱ्या गायकांची असतात. त्या सगळ्यांचे परवाने ठरावीक वर्षांसाठी घेतलेले असतात. मुदत संपली की गेम दुकानातून काढावा लागतो. ईएने ३१ मे २०२१ ला 'कार्बन', 'अंडरकव्हर', 'शिफ्ट', 'शिफ्ट २' आणि 'द रन' हे पाच गेम विक्रीतून काढले. 'फोर्झा होरायझन ४' डिसेंबर २०२४ मध्ये विक्रीतून गेला. २००५ चा 'मोस्ट वॉन्टेड' आज स्टीमवर विकत मिळत नाही. तिथे दिसतो तो त्याच नावाचा २०१२ चा वेगळा गेम.

पण इथे दोन गोष्टींची गल्लत करू नका. दुकानातून काढणं वेगळं आणि विकलेला गेम बंद पाडणं वेगळं. 'फोर्झा होरायझन ४' ज्यांनी आधी घेतला त्यांना तो विक्री थांबल्यानंतरही खेळता येतो. दुकानदाराने माल ठेवणं बंद केलं म्हणून तुमच्या घरातली वस्तू उचलून नेत नाही. 'द क्रू'मध्ये तेच झालं आणि राग त्याचा आहे.

म्हणजे जुनी डिस्कच बरी होती?

सरळ 'हो' म्हणता येणार नाही.

'मोस्ट वॉन्टेड'च्या कॉम्प्युटर डिस्कवर सेफडिस्क नावाचं कुलूप होतं. डिस्क ओरिजिनल आहे का हे ते तपासायचं. २०१५ मध्ये आलेल्या विंडोज १० मध्ये मायक्रोसॉफ्टने सुरक्षेच्या कारणावरून या कुलपाला चालू देणं बंद केलं. परिणाम असा की ओरिजिनल डिस्क घेतलेल्याचा गेम नव्या कॉम्प्युटरवर सरळ सुरू होत नाही. ज्याने कुलूप तोडलेली कॉपी वापरली त्याला ही अडचण आलीच नाही.

पैसे मोजणारा अडकला आणि फुकट घेणारा खेळत राहिला. चोरी रोखायला लावलेलं कुलूप शेवटी प्रामाणिक ग्राहकाच्याच दाराला लागलं. ऑनलाइनची सक्ती हे त्याच कुलपाचं नवं रूप आहे. फरक इतकाच की आता किल्ली कंपनीच्या खिशात आहे.

भारतातला कायदा काय म्हणतो?

२०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, मग त्यात हे असेल असं तुम्हाला वाटू शकतं. तसं नाही. तो कायदा मुख्यतः पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी घालण्यासाठी आणि ई-स्पोर्ट्सला मान्यता देण्यासाठी आहे. विकत घेतलेला गेम कंपनीने बंद केला तर काय, हा त्याचा विषय नाही.

पण हाताशी काहीच नाही असंही नाही.

एक, सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने नोव्हेंबर २००४ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस विरुद्ध आंध्र प्रदेश या खटल्यात सांगितलं की सीडीवर तयार मिळणारं सॉफ्टवेअर हा 'माल' आहे. वाद विक्रीकराचा होता. पण निकालातून एक गोष्ट साफ झाली की अशी सीडी विकणं ही मालाची विक्री आहे. ब्लॅक एडिशन यायच्या बरोबर एक वर्ष आधीची ही गोष्ट.

दोन, कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ नुसार ज्याच्याकडे सॉफ्टवेअरची कायदेशीर प्रत आहे, तो ती खराब होण्याच्या किंवा हरवण्याच्या भीतीने स्वतःपुरती बॅकअप प्रत काढू शकतो.

तीन, ग्राहक संरक्षण कायदा, २०१९. या कायद्याच्या ई-कॉमर्सच्या व्याख्येत डिजिटल उत्पादनं स्पष्टपणे येतात. शिवाय 'अन्याय्य करार' ही कल्पना याच कायद्याने आणली. योग्य कारण नसताना एका बाजूला एकतर्फी करार संपवता येईल अशी अट त्यात मोडते. त्याची तक्रार राज्य आयोगाकडे करता येते आणि महाराष्ट्राच्या राज्य आयोगाचं नागपूरला खंडपीठ आहे.

उणीव कुठे आहे? गेम विकताना 'हा फक्त परवाना आहे' हे ठळकपणे सांगण्याची स्पष्ट सक्ती आपल्याकडे नाही. अमेरिकेतल्या कॅलिफोर्निया राज्याने तसा कायदा केला आणि तो १ जानेवारी २०२५ पासून लागू झाला. परवाना देत असाल तर ग्राहकाला तसं स्पष्ट सांगितल्याशिवाय 'खरेदी करा' असं म्हणायचं नाही. स्टीमवर पैसे भरताना आता 'तुम्हाला परवाना मिळतोय' अशी ओळ दिसते ती याच काळात आली.

कायदा ठरवलं तर असा हक्क लिहून देऊ शकतो, याचं उदाहरण आपल्याच शेतात आहे. वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा, २००१ मधलं कलम ३९ सांगतं की वाणाचा हक्क दुसऱ्या कुणाचा असला तरी शेतकऱ्याला आपल्या पिकातलं बियाणं राखायचा, पेरायचा, वाटायचा आणि विकायचा अधिकार आहे. फक्त ब्रँडच्या नावाने विकता येत नाही. कंपनीचा हक्क आणि घेणाऱ्याचा हक्क एकाच कायद्यात बसवता येतात. बियाण्यासाठी ते झालं, डिजिटल मालासाठी अजून व्हायचंय.

सिंदेवाहीत याचा फटका जास्त का?

पैशांचा हिशोब करू. मोठ्या कंपनीचा नवा गेम आज भारतात साधारण तीन ते पाच हजारांना पडतो आणि स्पेशल एडिशन त्याच्याही वर जाते. २०२५-२६ साठी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाची मजुरी दिवसाला ३१२ रुपये ठरली होती. म्हणजे एका गेमसाठी दहा ते सोळा दिवसांची मजुरी. एवढे पैसे घालून घेतलेली वस्तू किती वर्षं टिकेल हे विचारणं हा चोखंदळपणा नाही, गरज आहे.

आता नेटचं बघा. 'अनबाउंड'ला ५० जीबी जागा लागते. रोज दीड-दोन जीबीचा मोबाइल पॅक असलेल्याने तो उतरवायचा म्हटला तर महिना जाईल, तेही घरातल्या बाकीच्यांनी मोबाइलला हात लावला नाही तर. सतत ऑनलाइन राहावं लागणारा गेम म्हणजे पावसाळ्यात लाइन गेली, टॉवर बसला की बंद. शेजारच्या गडचिरोलीसारख्या जिल्ह्यांतल्या दुर्गम भागासाठी राज्य सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये स्टारलिंकबरोबर इरादापत्रावर सही केली. जोडणीचा प्रश्न अजून सुटलेला नाही याची ती सरकारी कबुलीच आहे.

पुण्या-मुंबईत फायबर लावून बसलेल्याला 'ऑनलाइन आवश्यक' ही ओळ दिसतही नाही. सिंदेवाहीत तीच ओळ ठरवते की पैसे वाया जाणार की नाही.

आता पुढे काय?

२९ सप्टेंबर २०२५ ला जाहीर झालं की सौदी अरेबियाचा सरकारी गुंतवणूक निधी, सिल्व्हर लेक आणि अफिनिटी पार्टनर्स हे तिघं मिळून ईए ५५ अब्ज डॉलरला विकत घेणार. त्यातले सुमारे २० अब्ज डॉलर कर्जाचे. 'नीड फॉर स्पीड' बनवणारा क्रायटेरियन स्टुडिओ त्याआधीच 'बॅटलफिल्ड'च्या कामात जोडला गेलाय.

कर्ज घेऊन घेतलेली कंपनी खर्च कमी करायला बघते हा बाजाराचा साधा नियम. जुन्या गेमचे सर्व्हर हा असा खर्च आहे की तो कापला तर आरडाओरडा फक्त थोडे जुने ग्राहक करतात. ईए उद्याच काही बंद करेल असा याचा अर्थ नाही. पण आपल्या खात्यातले गेम किती दिवस चालतील हे ठरवणारी माणसं बदलणार आहेत, आणि त्यांनी आपल्याला तसा कुठलाच शब्द दिलेला नाही.

मग गेम घेताना काय बघायचं?

पहिली गोष्ट, विक्रीच्या पानावर एकट्याने खेळायलाही इंटरनेट लागतं का हे शोधा. लागत असेल तर तिकीट घेतोय असं समजून पैसे मोजा.

दुसरी, स्पेशल एडिशनमध्ये नेमकं काय जास्तीचं आहे ते वाचा. 'तीन दिवस आधी' आणि 'खास कपडे' एवढंच असेल तर साधी आवृत्ती पुरते. डबा घेत असाल तर आत डिस्क आहे की कोड, हे दुकानदाराला विचारा.

तिसरी, जीओजीसारख्या दुकानांत गेमची इन्स्टॉल करायची फाइल उतरवून स्वतःच्या हार्ड डिस्कवर ठेवता येते. नेट चांगलं असलेल्या ठिकाणी एकदा उतरवून आणली की काम झालं.

चौथी, स्टीमवर घेतल्यापासून चौदा दिवसांत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मागता येतात. आपल्या नेटवर गेम नीट चालतो का हे या मुदतीतच तपासा.

पाचवी, बिल आणि विक्रीच्या पानाचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. अडचण आली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा नंबर आहे. साध्या तक्रारीसाठी जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि २०१९ च्या कायद्यानुसार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात करता येते. म्हणजे सिंदेवाहीच्या माणसाला चंद्रपूर पुरतं, कंपनीचं ऑफिस बंगळुरूत असो की परदेशात.

२००५ च्या त्या खास आवृत्तीत एक जुनी कॅमेरो आणि काही जादा रेस होत्या, पण घेणाऱ्याला त्या परत द्यायच्या नव्हत्या. आज गाड्या शंभरपट देखण्या झाल्यात. तिकीट विकायला कुणाची हरकत नाही, झाडीपट्टीत तर नाहीच. फक्त तिकीट असेल तर त्यावर तिकीट असं लिहा, आणि भावही तिकिटाचाच लावा.